डिझेल सात-आसनी गाडीच्या इंटरकूलरच्या पाइपात ऑइल साचते. कॅच कॅन बसवावा का?

प्रश्न (घाटवाट, चिपळूण):
माझ्याकडे २०१७ सालची टर्बो डिझेल, सात-आसनी, बीएस-४ गाडी असून ती १,३४,००० किलोमीटर चालली आहे. आठवड्यातून तीनदा कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला जाणे-येणे होते. गेल्या महिन्यात पिकअप कमी वाटल्याने मिस्त्रींनी इंटरकूलरचा (टर्बोतून इंजिनात जाणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा पाइप सोडला, तेव्हा त्यातून अर्धी वाटी काळे ऑइल निघाले, आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागात) डांबरासारखा थर दिसला. दोन सर्व्हिसमध्ये ऑइल वरून घालावे लागलेले नाही. ब्रीदरच्या पाइपात, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू बाहेर काढणाऱ्या नळीत, कॅच कॅन (त्या वायूतले ऑइल अडवून साठवणारा डबा) बसवला की हा त्रास कायमचा थांबेल, असे मिस्त्रींचे मत आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर (जुना फिटर, कोल्हापूर):
कॅन घेण्याआधी ऑइल कोठून येते ते पाहावे. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो आणि ऑइलचे बारीक तुषार घेऊन ब्रीदरच्या पाइपाने टर्बोच्या, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याच्या, तोंडाशी येतो. त्यामुळे इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ पापुद्रा असणे हा आजार नव्हे. अर्धी वाटी मात्र जास्त आहे. एअर फिल्टरकडून टर्बोत शिरणारा पाइप काढून आत बोट फिरवावे. तो ओला असेल तर ऑइल ब्रीदरमधून येते. तो कोरडा आणि टर्बोच्या पुढचा पाइप ओला असेल, तर संशय टर्बोच्या सीलवर किंवा टर्बोतून ऑइल परत नेणाऱ्या नळीवर जातो, आणि तेथे कॅच कॅनचा काडीचाही उपयोग नाही.

आपण ऑइल वरून घालावे लागले नाही असे लिहिले आहे, पण ते आधीच जास्त भरलेले तर नाही ना? सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. सर्व्हिसच्या वेळी नव्या ऑइलचा डबा इंजिनात पूर्ण रिकामा करायची सवय अनेकांना असते. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली की क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) ऑइल घुसळतो आणि तुषार वाढतात. एअर फिल्टरही तपासावा, कारण जांभ्या दगडाच्या तांबड्या धुळीने तो तुंबला की टर्बो हवेसाठी जोर लावतो आणि ब्रीदरमधून ऑइल ओढून घेतो. एसी चालू ठेवून तासन्‌तास गाडी उभी ठेवण्यानेही पाइपात ऑइल येते, कारण त्या वेळी टर्बोच्या सीलपाशी ऑइल रोखण्याइतका दाब टर्बोत नसतो.

उत्तर (मावळकर):
मॅनिफोल्डमधला थर निव्वळ ऑइलचा नसतो. ईजीआरमधून (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) येणारी काजळी ऑइलच्या तुषारांवर चिकटते आणि हळूहळू वाट अरुंद करते. म्हणून काही जण ईजीआर बंद करून टाकतात; तसे करू नये, त्याने धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात.

मी स्वतः कॅच कॅन वापरतो. आत जाळी व आडवे पडदे असलेला, तळाशी नळ असलेला घ्यावा. नुसता रिकामा डबा तुषार अडवत नाही. त्याचा दुसरा पाइप टर्बोच्या तोंडाकडेच जोडावा, हवेत उघडा सोडू नये. पावसाळ्यात त्यात पाणी मिसळून दुधी मलई जमते, म्हणून तो दर पंधरवड्याला रिकामा करावा. पाइप बारीक असला किंवा जाळी तुंबली तर चेंबरमधील दाब वाढून ऑइल सील गळू लागतात.

इंटरकूलर धुताना मात्र जपावे. आत डिझेल किंवा रॉकेल ओतून ते नीट न सुकवता इंजिन चालू केले, तर ते थेट सिलिंडरमध्ये जाते आणि इंजिन बेफाम धावते. मग चावी काढूनही ते थांबत नाही. पाइपात साचलेले ऑइल एकदम ओढले गेले तरी हाच धोका असतो.

प्रश्नकर्ता (घाटवाट):
दोघांचेही आभार. टर्बोच्या अलीकडचा पाइप ओलाच निघाला, डिपस्टिक वरच्या खुणेच्या बोटभर वर होती, आणि टॅपेट कव्हरवरील (इंजिनाच्या वरच्या झाकणावरील) ब्रीदर व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटलेला होता. तो बदलला, जास्तीचे ऑइल काढले, फिल्टर नवा घातला आणि इंटरकूलर उतरवून दोन दिवस उन्हात वाळवला. त्यानंतर ३,००० किलोमीटर झाले आहेत. काल पाइप पुन्हा सोडून फडक्याने पुसला, तर फडक्याला फक्त पुसटसा डाग आला. मॅनिफोल्डचा थर अजून काढलेला नाही, आणि कॅच कॅनची ऑर्डर सध्या थांबवली आहे.