हँडवायर्ड कीबोर्डची प्लेट : ५×१२ ग्रिड, जळगावात कापायची आहे. फाईल देण्याआधी काय तपासू?

तापीकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी. पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) न घेता सगळी जोडणी हातानं करून मेकॅनिकल कीबोर्ड बनवायचा आहे. स्विच, म्हणजे बटणाखालचे खटके, चेरी एमएक्स पद्धतीचे, पाच पायांचे. मांडणी सरळ ग्रिडची: ५ ओळी, १२ स्तंभ, खालच्या ओळीत मधोमध दोन घरांचा स्पेसबार. कंट्रोलर (बटणं वाचणारा छोटा बोर्ड) रास्पबेरी पाय पिको. रोजचं टायपिंग मराठी, तेही इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांची प्रमाण कळफलक-मांडणी), इंग्रजी थोडंफार.

अडलंय ते प्लेटवर, म्हणजे ज्याच्या भोकांत स्विच बसतात त्या पत्र्यावर. ट्रॉफी-नेमप्लेटवाले ३ मिमी ॲक्रिलिक लगेच कापून देतात. एमआयडीसीत फायबर लेसरवर १.५ मिमी स्टेनलेस किंवा १.६ मिमी एमएस (माइल्ड स्टील) मिळतंय. कोणतं घेऊ? लेसरची रेघ काही जाडीची असते म्हणतात, मग भोक १४ मिमीपेक्षा कमी काढायचं का? स्क्रू कुठे द्यायचे? आणि पीव्हीसी शीटचे तुकडे घरात पडून आहेत, तळाची प्लेट नेमप्लेटवाल्याकडून त्यातूनच कापून घेतली तर चालेल का? फाईल डीएक्सएफमध्ये (लेसरला द्यायच्या रेखाचित्राचा प्रकार) तयार आहे.

पांझरा_शीटमेटल (धुळे)

भाऊ, पीसीबीच्या कीबोर्डात स्विचला दोन आधार असतात, वर प्लेट आणि खाली बोर्ड. तुमच्याकडे खालचा आधारच नाही. कॅप (बटणाचं वरचं टोपण) उपटताना लागणारा सगळा जोर प्लेटच्या कडेवर येतो आणि प्लेटनं हात सोडला की तो थेट सोल्डरच्या टाक्यावर. म्हणून जाडी आणि भोक या दोन मापांत तडजोड करू नका.

एमएक्सच्या, प्लेटला पकडणाऱ्या चिमट्या १.५ मिमी जाडीसाठी बनलेल्या आहेत, फरक फार तर ०.१. तीन मिमी ॲक्रिलिकमध्ये चिमटी खालून बाहेर येतच नाही, स्विच नुसता घासून अडकून राहतो. कॅप काढायला गेलात की स्विचही वर येतो आणि डायोडचा (स्विचला जोडलेला, वीज एकाच दिशेनं सोडणारा भाग) पाय तुटतो. ॲक्रिलिकच हवं असेल तर प्रत्येक स्विच खालून हॉट ग्लूनं धरावा लागेल, आणि मग एखादा बदलायचा झाला की सगळा गोंद खरवडत बसा. एमएस स्वस्त पडतं, पण उघडं ठेवलं तर हाताच्या घामानं गंजतं आणि रंग दिला तर मापं बदलतात. तुमच्यासाठी ३०४ ग्रेडचं १.५ मिमी स्टेनलेस. आवाज थोडा टणक येतो, तो कमी हवा असेल तर १.५ मिमी ॲल्युमिनियम ५०५२, तेही फायबर लेसरवर कापलं जातं.

भोक १४.०० × १४.०० काढा, कोपऱ्याची त्रिज्या ०.३ मिमी. लेसरच्या रेघेसाठी स्वतः काही वजा करू नका. मेटल कापणारे बहुतेकजण ही भरपाई मशीनवरच देतात. तुम्ही फाईलमध्ये १३.८५ काढलं आणि ऑपरेटरनंही भरपाई दिली, तर भोक १३.८५ च राहतं आणि स्विच दाबून बसवला तर खोका दबून बटण अडखळतं. फाईलवर आणि चलानावर दोन्हीकडे लिहा: ‘सर्व मापे कापल्यानंतरची’. तरी विश्वासावर सोडू नका. आधी १०० × २४ मिमीची पट्टी त्याच पत्र्यातून, त्याच मशीनवर कापून घ्या. तिच्यात पाच भोकं: १३.९०, १३.९५, १४.००, १४.०५, १४.१०. प्रत्येकाशेजारी आकडा कोरून घ्या. स्विच अंगठ्यानं दाबल्यावर ‘टक्’ करून बसला, प्लेट उलटी धरून कॅप ओढली तरी निघाला नाही आणि बोटानं हलवला तर डुगडुगला नाही, ते माप खरं. पूर्ण प्लेट त्या आकड्यावर.

डीएक्सएफ तपासताना पहिलं काम एककाचं. डीएक्सएफमध्ये आकडे असतात, पण ते इंच की मिमी हे उघडणारं सॉफ्टवेअर कधीकधी आपल्या मनानं ठरवतं, मग सगळं २५.४ पट लहान किंवा मोठं होतं. ते निदान लगेच दिसतं. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतून आलेली एसव्हीजी जास्त फसवते: ०.९२ च्या आधी हिशेब ९० डीपीआयचा (इंचाला ९० ठिपके) होता, नंतर ९६ चा. त्या गोंधळात १४ मिमीचं भोक १३.१३ किंवा १४.९३ होतं आणि पडद्यावर सगळं ठीक वाटतं. म्हणून फाईल लेसरवाल्याच्या पीसीवर उघडली की तिथेच दोन मापं मोजायला सांगा: एका भोकाची रुंदी, आणि पहिल्या ते शेवटच्या स्तंभाच्या मध्यबिंदूंतलं अंतर. शेजारच्या दोन बटणांच्या मध्यांत १९.०५ मिमी, म्हणून १२ स्तंभांना ते ११ × १९.०५ = २०९.५५ मिमी यायला हवं.

दुसरं, एकावर एक पडलेल्या रेघा. दोन शेजारच्या चौकोनांची नक्कल करताना हमखास होतं. लेसर त्याच जागी दोनदा फिरतो, कड जळते, भोक मोठं होतं. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल कमांड आहे, नाहीतर एकेक रेघ उचलून पाहा. प्रत्येक भोक बंद आकृती असावं आणि लेसरची सुरुवात भोकाच्या आतल्या भंगारात व्हावी, कडेवर नाही. स्टेनलेस नायट्रोजनवर कापा म्हणावं, ऑक्सिजननं कड काळी पडते.

कापून आल्यावर खालच्या बाजूला बर (कापताना उरलेली धारदार कड) राहते. चिमटी नेमकी तिथेच अडकते, त्यामुळे ०.१ मिमीची बरसुद्धा जाडी वाढल्यासारखी नडते. काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर पसरून प्लेट सपाट घासा. भोकाच्या आत कानस घालू नका, एका बाजूनं जास्त गेली की तो स्विच कायमचा ढिला.

स्क्रूचं गणित असं. स्विचचा वरचा ओठ १५.६ मिमीचा, घर १९.०५ चं, म्हणजे शेजारच्या दोन ओठांत ३.४५ मिमी फट. तिथे डोकं मावणार नाही. पण चार स्विचच्या मधल्या चौकात तिरपं अंतर ४.९ मिमी आहे. एम२ पॅन हेडचं डोकं ४ मिमी, ते बसतं. एम२.५ चं ५ मिमी, नाही बसत. भोक २.२ मिमी ठेवा. कडेलाही एम२ च वापरा. एम३ चं डोकं उंच असतं, बटण पूर्ण दाबलं की कॅपची कड त्याला लागू शकते. कडेला सहा, आतल्या चौकांत तीन. आतले नसतील तर मधली बटणं दाबताना प्लेट लवते आणि ते बोटाला जाणवतं.

पिच (दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर) १९.०५ च हवी असं तुमच्या बाबतीत बंधन नाही, पीसीबीशी जुळवायचंच नाहीये. तरी १९.०५ ठेवा, उद्या बोर्ड बनवलात तर हीच प्लेट चालेल.

बोरी_टंकलेखन (अमळनेर)

दादा, पत्रा कापायच्या आधी कागदावर इन्स्क्रिप्ट लिहून बघा. ५×१२ मध्ये तुमची मराठी अडकणार.

दुसऱ्या ओळीत टॅब, क्यू ते पी अशी दहा, आणि उजवीकडचं चौकोनी कंस उघडणारं बटण, की बारा घरं संपली. त्या बटणावर ड आहे, तो वाचला. पण त्याच्या पुढचं नुक्त्याचं बटण आणि बॅकस्लॅश बाहेर गेले. बॅकस्लॅशवर ॉ आहे. कॉलेज, डॉक्टर, ऑर्डर, बँकेतला फॉर्म, रोजच्या मजकुरात तो सारखा लागतो, आणि शिफ्ट धरून तिथेच ऑ. आकड्यांच्या ओळीत टिल्ड, एक ते शून्य आणि बॅकस्पेस झाले की वजा आणि बरोबरचं चिन्ह बाहेर. बरोबरवर ृ, शिफ्टसह ऋ. वजावर शिफ्टसह विसर्ग. म्हणजे कृषी, गृह, वृत्त, दुःख, स्वतः या प्रत्येक शब्दाला लेयरचं (बटणांना दुसरी अक्षरं देणारं) बटण धरावं लागेल. च आणि ट तिसऱ्या ओळीत बसतात, पण मग एंटरला जागा उरत नाही.

इंग्रजीवाले छोट्या ग्रिडवर खूश असतात कारण त्यांना उजवीकडची चिन्हं क्वचित लागतात. आपल्याला तिथे अक्षरं आहेत. देवनागरी लिहिणाऱ्यानं उजवीकडून स्तंभ कापू नयेत, हे माझं ठाम मत.

५×१४ करा. वरची ओळ: टिल्ड, दहा आकडे, वजा, बरोबर, बॅकस्पेस, बरोब्बर १४. दुसरी: टॅब, दहा अक्षरं, दोन कंस, बॅकस्लॅश, पुन्हा १४. तिसरीत एंटर धरून १३, एक घर डिलीटला. चौथीत दोन शिफ्टसह १२, उरलेल्या दोनांत वरचा बाण आणि हवं ते. इन्स्क्रिप्टचं एकही अक्षर लेयरवर जात नाही. आकड्यांची ओळ राहिल्यानं शिफ्ट ५, ६, ७, ८ वरचे ज्ञ, त्र, क्ष, श्रही हाताशी.

कॅप्सचंही आधीच ठरवा. नेहमीच्या संचात टॅब दीड घराचा, डावा शिफ्ट सव्वादोन घरांचा असतो, ते ग्रिडवर बसत नाहीत. सगळ्या ओळींना एकच उंची असलेला डीएसए किंवा एक्सडीए प्रोफाइल घ्या आणि एका घराच्या कॅप्स पुरेशा आहेत का ते मोजून घ्या.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

पीव्हीसी लेसरवर अजिबात टाकू नका. आपल्याकडे पाइप आणि चटयांमुळे पीव्हीसी सहज हाताला लागतं म्हणून मुद्दाम लिहितो. लेसरनं ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, फुप्फुसाला घातक, आणि मशीनच्या रेल व आरसे गंजवतो. जाणकार नेमप्लेटवाला नकार देईलच, पण नुसतं ‘प्लास्टिक शीट’ सांगून त्याला फसवू नका. ॲक्रिलिकच आहे याची खात्री नसेल तर तो तुकडा देऊच नका.

त्याच पीव्हीसीचा उपयोग दुसरीकडे करा. अर्धा मिमी शीट कात्रीनं कापून धातूच्या तळावर अंथरा. उघड्या तांब्याच्या तारा तळाला टेकल्या की आख्खी ओळ शॉर्ट होते, ते यानं टळतं.

आणि खोका थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) नको. ते साधारण ६० अंशांना मऊ पडतं. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत कीबोर्ड राहिला तर खोका वाकू शकतो. पीईटीजी घ्या.

तापीकाठ (भुसावळ)

बोरी ताई, ॉ आणि ृ चा विचारच केला नव्हता, फार मोठी अडचण वाचवलीत. ५×१४ नक्की. शीटमेटल भाऊ, मग बाहेरचं माप किती धरू? दोन घरांचा स्पेसबार ठेवला तर स्टॅबिलायझर (लांब बटण तिरकं होऊ न देणारा आधार) लागेल, तो पीसीबीशिवाय बसतो का? आणि प्लेटला काळा पावडर कोट द्यायची इच्छा आहे.

पांझरा_शीटमेटल (धुळे)

१४ × १९.०५ = २६६.७, ५ × १९.०५ = ९५.२५. चारी बाजूंना ६ मिमी कड सोडली की २७८.७ × १०७.२५ मिमी. तळाची प्लेट याच मापाची, फक्त स्क्रूची भोकं ठेवून, त्याच फाईलमध्ये शेजारी मांडा.

स्टॅबिलायझर प्लेटवर बसणाराच घ्यायचा, स्क्रूनं बोर्डाला लागणारा इथे निरुपयोगी. दोन घरांच्या बटणाला दोन खाचांच्या मध्यबिंदूंत २३.८ मिमी अंतर, बटणाच्या मध्यापासून दोन्हीकडे ११.९. खाच वरखाली सारखी नसते, म्हणून हातानं काढू नका. कीबोर्ड लेआउट एडिटरमध्ये मांडणी करून तो मजकूर प्लेट जनरेटरला द्या, खाचा तोच काढतो. खरं सांगायचं तर पहिल्या बांधणीत स्पेससाठी एकेका घराची दोन बटणं ठेवा. खडखडाट नाही, वंगण नाही, आणि ७० च्या ७० भोकं एकाच मापाची.

पावडर कोट मात्र नको. थर प्रत्येक बाजूला साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा. भोक १४.०० वरून १३.८६ च्या आसपास येतं, ते मोठं कापून भरून काढता येईल. पण जाडी १.५ ची १.६४ होते आणि ती कमी करता येत नाही. चिमटी अर्धवट अडकते. काळंच हवं असेल तर ॲल्युमिनियम घेऊन ॲनोडाइज करा, तो थर १० ते २५ मायक्रॉनचा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

जोडणीबद्दल दोन गोष्टी, प्लेटशी संबंध आहे म्हणून. ५ ओळी आणि १४ स्तंभ म्हणजे १९ पिना. पिकोवर २६ आहेत, निवांत बसतं. प्रो मायक्रो या दुसऱ्या कंट्रोलरवर १८, त्यामुळे कंट्रोलर बदलायचा विचार करू नका.

खोली मोजा: प्लेटच्या खाली स्विचचं अंग ३.५ मिमी, त्याखाली पाय ३.३, म्हणजे ६.८. शिवाय डायोड, तारा आणि सोल्डर धरून १० मिमी. पिको स्विचच्या खालीच ठेवायची तर आणखी ४. म्हणून १५ मिमीचे एम२ पितळी स्पेसर घ्या. पाच पायांच्या स्विचचे दोन प्लास्टिकचे पाय कापायची गरज नाही, बोर्डच नाही तर ते कशाला अडणार?

सोल्डर करताना प्लेट उलटी असते आणि डावं-उजवं बदलतं. पहिला स्तंभ उजवीकडे येतो आणि तारा उलट क्रमानं लागतात. लेसरवाल्याला सांगून खालच्या बाजूला स्तंभांचे १ ते १४ आणि ओळींचे १ ते ५ आकडे हलके कोरून घ्या, खालून वाचता येतील असे. १एन४१४८ डायोडची काळी पट्टी सगळीकडे ओळीच्या तारेकडे, आणि क्यूएमकेमध्ये (कंट्रोलरवर चालणारं कीबोर्डचं सॉफ्टवेअर) दिशा ‘कॉल टू रो’. एकच डायोड उलटा लागला तर तेवढंच बटण मुकं होतं, त्यामुळे शोधायला सोपं.

तापीकाठ (भुसावळ)

पाच भोकांची पट्टी उद्या कापायला देतो. बसलेल्या भोकाचा आकडा इथेच टाकतो, आणि पत्र्याची मोजलेली जाडीही.

पांझरा_शीटमेटल (धुळे)

जाडी वर्निअरनं चार कोपऱ्यांना मोजा, बर घासल्यानंतर. आणि पट्टीवर तुमच्याच खरेदीतले निदान चार वेगवेगळे स्विच बसवून पाहा. एकाच पाकिटातल्या स्विचच्या अंगातही थोडा फरक असतो. एकावरून माप ठरवलंत तर ७० मधले काही ढिले निघतील.