आईला हॉस्पिसमध्ये नेणं म्हणजे टाकून देणं का?

प्रश्न:
आई ७१ वर्षांची, अन्ननलिकेचा कॅन्सर, यकृतात पसरलाय. डॉक्टर म्हणाले, आता केमो नको, हॉस्पिस बघा (म्हणजे बरा न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करत काळजी घेणारं केंद्र). मामा भडकलेत, "आईला टाकून देणार?" मी पुण्यात एकटी, नोकरी सांभाळून. रात्री दोनला ती कळवळते, मी नुसती पाठ चोळत बसते. दुखण्यावर मॉर्फिन हे कडक औषध देतात, त्याची सवय लागते, असं शेजारच्या काकू सांगतात. कुणाला अनुभव?

उत्तर १:
ताई, माझे बाबा पुण्यातच वारज्याच्या सिप्ला सेंटरला, असल्याच केंद्रात, १९ दिवस होते. १९९७ पासून चालू आहे, पैसे घेत नाहीत. मी सोबतच राहायचो. मॉर्फिन घड्याळ लावून द्यायचे, दुखायची वाट न बघता. कॅन्सरच्या दुखण्यात डॉक्टरांच्या मापाने दिलं तर व्यसनाची भीती फारशी नसते. बद्धकोष्ठ मात्र हमखास, पोट साफ राहायचं औषध पहिल्या दिवसापासून मागा (आमच्याकडे राहिलं, दोन दिवस हाल झाले). तिसऱ्या दिवशी बाबांनी पिठलं मागितलं. खाल्ले दोनच घास, पण मागितलं!

उत्तर २:
मुंबईकर असाल तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६चं, देशातलं पहिलं हॉस्पिस. आणि आईंना विचारलंत का, त्यांना काय हवंय?

प्रश्नकर्ती:
विचारलं आज. म्हणाली, "झोप हवी गं, बाकी काही नको." मामा शनिवारी येतायत, त्यांनाच घेऊन वारज्याला जाते. जाताना कुठले रिपोर्ट लागतात?

उत्तर १:
बायोप्सी, शेवटचा स्कॅन, चालू गोळ्यांची यादी. आधी फोन करा.