प्रोसीजर कॉल केली की पुढची क्वेरी अडते, मदत करा भो

रावेरचा कोडर:
राम राम मंडळी. इकडे एका केळीच्या व्यापाऱ्यासाठी शेतकऱ्यांच्या पट्टीचं सॉफ्टवेअर बनवतोय, पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेस. वजन, भाव, मजुरी सगळा हिशोब स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्येच ठेवलेला, नावाने कॉल करायचा कोड) टाकलाय, भाव रोज बदलतो ना, म्हणून हिशोब एकाच जागी बरा. शेतकऱ्याचा नंबर दिला की गाड्यांची यादी बरोबर येते, पण त्याच पानावर उचलीची साधी सिलेक्ट (डेटा वाचायची क्वेरी) चालवली की एरर 2014, कमांड्स आउट ऑफ सिंक. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं टूल) दोन्ही चालतात. दोन दिवस गेले यात.

तापीकाठ:
भो, सिलेक्टमध्ये चूक नाही. कॉल केल्यावर मायएसक्यूएल यादी तर देतंच पण तिच्यामागून प्रोसीजर संपल्याचा अजून एक रिझल्ट पाठवतं, त्यात ओळी नसतात म्हणून दिसत नाही पण कनेक्शनवर तो पडून असतो आणि तो उचलल्याशिवाय पुढची क्वेरी चालतच नाही. यादी वाचून झाली की रिझल्ट फ्री कर, मग नेक्स्ट रिझल्ट लूपमध्ये फिरव, काही शिल्लक नाही असं येईपर्यंत. पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसला जोडायची दुसरी पद्धत) असेल तर क्लोज कर्सर कॉल कर.

अमळनेरकर:
मी तर सिलेक्टसाठी दुसरं कनेक्शन उघडतो, कटकट नाही.

तापीकाठ:
नको दादा, असं नका सांगू त्याला. मायएसक्यूएलला डिफॉल्ट 151 च कनेक्शन असतात, केळीच्या सीझनमध्ये सगळे एकदम बसले तर दुप्पट लागतील.

रावेरचा कोडर:
लूप टाकला, चाललं! लई आभार. आता एकच, आउट पॅरामीटरमधली (प्रोसीजर @बाकी या व्हेरिएबलमध्ये परत देते ती) बाकी रक्कम नल, म्हणजे रिकामी येते. काल मीपण दुसरं कनेक्शन करून बघितलं होतं, बाकी वाचायची सिलेक्ट तिथूनच चालू आहे.

तापीकाठ:
मग तेच कारण. अ‍ॅटवालं (@) व्हेरिएबल त्या कनेक्शनपुरतंच असतं. कॉल ज्या कनेक्शनवर केली त्यावरच, लूप संपल्यावर, सिलेक्ट अ‍ॅट बाकी कर.

धुळ्याची ताई:
एक विचारते, शेतकऱ्याचा नंबर कॉलच्या स्ट्रिंगमध्ये चिकटवतोस का? प्रोसीजर आहे म्हणजे इंजेक्शन (इनपुटमधून कोणी स्वतःची क्वेरी घुसवणं) होत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, पण स्ट्रिंग जोडली तर धोका तोच. क्वेरी आधी प्रिपेअर करून नंबरच्या जागी प्रश्नचिन्ह ठेव आणि नंबर वेगळा बाइंड कर, म्हणजे जोड. लोकांच्या घामाचा पैसा आहे रे त्या टेबलात.

रावेरचा कोडर:
हो ताई, चिकटवतच होतो. आत्ताच बदलतो. आणि बाकी पण आली, वहीतल्या आकड्याशी जुळली.