मिलानच्या जुन्या ट्राममधल्या पाट्या कुणी वाचून देईल का?

दादरटीटी:
लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला आले आहे. ती कामाला गेली की मी मार्केट स्ट्रीटवरून 'एफ' ट्राम पकडते आणि फिशरमन्स व्हार्फपर्यंत जाऊन येते. त्यात मधूनच मिलानहून आणलेली नारिंगी ट्राम येते. तिच्यासाठी मी दोन-तीन गाड्या सोडून देते. खिडक्यांखाली दोन्ही बाजूंना समोरासमोर लाकडी बाक आहेत. फळ्या वापरून इतक्या गुळगुळीत झाल्यात की वळणावर आपण अलगद शेजारणीकडे सरकतो. १९६४ मध्ये मुंबईची ट्राम बंद झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. इतक्या वर्षांनी तो खडखडाट परत कानावर आला.

आतल्या पाट्या मात्र इटालियन आहेत. 'व्हिएतातो फुमारे' आणि 'व्हिएतातो स्पुतारे' म्हणजे विडी-सिगरेट ओढू नका, थुंकू नका, एवढं जमलं. मधल्या दारावरचं 'उस्किटा' आणि ड्रायव्हरपाशी कुणा 'मानोव्रातोरे'शी काहीतरी करू नका असं आहे, ते नीट कळलं नाही. एका जागेवर 'म्यूतिलाती' शब्द आहे. इंग्रजीतला तसाच शब्द आठवून अंगावर काटा आला. तिथे नक्की काय लिहिलं असेल?

नाविल्यी_काठी:
काकू, मी मिलानमध्ये आठ वर्षं आहे. तुमच्या ट्रामच्या बहिणी इथे अजून रोज धावतात, १ नंबरच्या मार्गावर तर हमखास.

'उस्किटा' नाही, 'ऊशीता'. बाहेर जायचा रस्ता. यांच्याकडे ट्रामच्या दारांसाठी आणखी एक जोडी आहे, 'सालीता' आणि 'दिशेसा'. सालीता म्हणजे गाडीत चढणं आणि डोंगराचा चढही. दिशेसा म्हणजे उतरणं आणि उतारही. म्हणजे अगदी आपल्यासारखंच! हे लक्षात आलं त्या दिवशी मला ही भाषा आपली वाटायला लागली.

मानोव्रातोरे म्हणजे ट्राम चालवणारा. त्याच्याशी बोलू नका, एवढंच आहे ते. डाव्या हाताने तो कंट्रोलरचा दांडा एकेक खाच पुढे नेतो, उजव्या हाताने हवेचा ब्रेक धरतो, आणि रूळ सोडून बाजूला होणं त्याच्या हातात नसतं. पाटी रास्तच आहे.

'म्यूतिलाती'ला मात्र घाबरू नका. युद्धात हात-पाय किंवा डोळे गमावलेल्यांसाठी इटलीत हा मानाचा, सरकारी शब्द होता. पहिल्या महायुद्धात असे लाखो लोक परतले. १९१७ साली त्यांची राष्ट्रीय संघटना इथे मिलानमध्येच उभी राहिली. तुमची ट्राम १९२८च्या आसपासची, म्हणजे युद्ध संपून जेमतेम दहा वर्षं झालेली. कुबड्या घेऊन चढणारी तिशीतली माणसं तेव्हा रोजची होती. त्यांच्यासाठी राखीव जागा आहे ती.

बे_एरियाकर:
छान माहिती. एक भर घालतो. ही ट्राम इटलीत बांधलेली असली तरी आराखडा मूळचा अमेरिकेचा, क्लीव्हलंडचे ट्राम आयुक्त पीटर विट यांचा. पुढून चढायचं, कंडक्टर मधल्या दारापाशी बसलेला. पुढच्या भागात आहात तोवर पैसे द्यायची घाई नाही. त्याच्यासमोरून मागे गेलात किंवा मधून उतरलात की द्यायचे. त्यामुळे स्टॉपवर गाडी खोळंबत नसे. म्हणून ते 'ऊशीता' मधल्या दारावर आहे, काकू.

दादरटीटी:
दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी मुद्दाम त्या राखीव जागेच्या समोरच्या बाकावर बसले. त्या पाटीवरचा मुलामा एका कोपऱ्यात उडालाय, पण अक्षरं स्वच्छ आहेत. एम्बार्कादेरोला एक काठीवाले आजोबा चढले आणि नेमके तिथेच बसले. त्यांना सांगावंसं फार वाटलं, पण इंग्रजीत शब्द जुळेनात. लेकीला घरी आल्यावर सगळं वाचून दाखवलं, तर ती म्हणाली शनिवारी मी येते तुझ्याबरोबर.

मागच्या दाराशी बारीक अक्षरांची आणखी एक पाटी आहे. गर्दीत अर्धीच उतरवता आली. उद्या पुरी करून इथे टाकते.