मदत हवी आहे: करडई-मोहाच्या साबणावर नारिंगी डाग पडतायत

नमस्कार. मी किनवट तालुक्यातली (जि. नांदेड). दीड वर्षापासून घरी साबण करते. लेकाच्या अंगाला दुकानातला साबण सोसेना, म्हणून सुरुवात केली. आता आमच्या बचत गटातल्या आठ जणी मिळून करतो.

होळीच्या आधी पळस फुलला होता, तेव्हा साबणाचा मोठा घाणा घातला. एक किलो तेलाचं माप असं: करडई ५०० ग्रॅम, खोबरेल ३००, मोहाच्या बियांचं २००. कॉस्टिक सोडा १४३ ग्रॅम, म्हणजे सगळ्या तेलाचा साबण व्हायला लागतो त्यापेक्षा ५ टक्के कमी. पाण्याऐवजी पळसाच्या फुलांचा गार केलेला काढा ३३० ग्रॅम. करडई घरच्या शेतातली, परभणी कुसुम वाणाची. तेल तेलघाण्यावरून काढून आणलं. मोहाचं तेल जवळच्या कोलाम पोडावरून (आदिवासी वस्तीवरून) घेतो. थंडीत ते डब्यात तुपासारखं थिजतं, आणि वडी घट्ट होते ती त्याच्यामुळेच.

साबण जमला छान. काढ्याचा केशरी रंग कॉस्टिक पडताच गर्द तांबडा झाला, वड्या सुकल्यावर मातकट तपकिरी. रंग गेल्याचं वाईट वाटलं, पण चालतंय. सहा आठवडे फळीवर मुरवल्या. मे महिन्यात मात्र डाग दिसायला लागले. ज्वारीच्या दाण्याएवढे, नारिंगी, बोटाला ओलसर चिकट. वास जुन्या तळणाच्या तेलासारखा. चाळीस वड्यांपैकी सव्वीसवर आलेत.

दिवाळीला फक्त खोबरेल आणि मोहाचा केला होता, त्याला आजपर्यंत एक डाग नाही. कॉस्टिक जास्त झालंय असंही वाटत नाही, जिभेला चटका बसत नाही. आधी एकदा जर्मलच्या (ॲल्युमिनियमच्या) पातेल्यात कॉस्टिकचं पाणी केलं होतं तर ते फसफसून काळं पडलं. तेव्हापासून त्यासाठी स्टीलच वापरते. काढा तेवढा बोअरच्या पाण्यात, लोखंडी कढईत उकळला. आमच्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो.

करडई सोडायची माझी इच्छा नाही. आमच्या रानात तीच पिकते, बाहेरून तेल आणायचं तर गटाचा खर्च परवडत नाही. चूक नेमकी कुठे होतेय? डाग पडलेल्या वड्यांचं काय करू? आणि पुढे बाजारात विकायचा तर परवाना लागतो का?

प्रतिसाद १:
ताई, तुमचं कारण तुमच्याच पोस्टमध्ये आहे. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल फार, साधारण ७० टक्क्यांच्या वर. हे तेल हवेने लवकर खवट होतं. त्यात लोखंड मिसळलं की खवटपणाला जोर चढतो, आणि ते कढईतून नाहीतर बोअरमधून आलं असणार. वर मे महिन्याची उष्णता. दिवाळीच्या साबणात करडई नव्हती, म्हणून तो टिकला.

करडई सोडू नका, कमी करा. खोबरेल ४००, मोह ४००, करडई १००, एरंडेल १००. कॉस्टिक १४६ च्या आसपास येईल, पण तेलागणिक हिशोब स्वतः करूनच घ्या. काढा स्टीलच्या पातेल्यात, आरओच्या पाण्यात करा आणि दुपदरी फडक्यातून गाळा. लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) १० ग्रॅम घातलं तर कॉस्टिक ६ ग्रॅम वाढवा. धातू त्याला धरले जातात, आणि बोअरच्या पाण्यात साबणाची साय येते तीही कमी होते. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाका, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही.

डागाळलेल्या वड्या कपड्याला वापरा. लेकराच्या अंगाला नको.

प्रतिसाद २:
परवान्याबद्दल. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात येतो. विकण्यासाठी बनवायचा तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना हवा. वेष्टनावर खरूज-नायटा बरा होतो असं लिहू नका, तसा दावा केला की ते औषधाच्या नियमात जातं.

मूळ लेखिका:
दोघांचेही खूप आभार. लोखंडी कढईचा विचार मनात आलाच नव्हता. उलट आजीच्या काळातली म्हणून मी मुद्दाम तीच काढली होती. आता दोन छोटे घाणे घालते, दोन्हीत करडई शंभरच ग्रॅम आणि आरओचं पाणी. एकात पळस, एकात साधं पाणी, म्हणजे काढ्याचा काही दोष आहे का ते वेगळं कळेल. करडईचं जास्तीचं तेल घरात फोडणीला लागेलच.

एक राहिलं. आमच्याकडे रिठे भरपूर मिळतात. बोअरच्या पाण्यातही रिठ्याचा फेस मोडत नाही, म्हणून त्याची पूड वडीत घालून पाहिली, तर ती तळाला बसली आणि अंगाला खरखरीत लागते. रिठा साबणात घालायची नीट रीत कुणाला जमली आहे का, की तो वेगळाच वापरावा?