लोडिंग पिकअपचा क्लच परत गेला, आता दुसरा गिअर पण बसत नाही. गिअरबॉक्स उघडू का?

आंबाघाट_लाईन
नमस्कार मंडळी, १.७ टन पासिंगची डिझेल पिकअप आहे, रत्नागिरी-कोल्हापूर लाईन, सीझनला आंब्याच्या पेट्या आणि एरवी चिरा (जांभा दगड), म्हणजे घाट चढताना गाडी कायम भरलेली. दिवाळीच्या सुमारास प्लेट, प्रेशर, रिलीज बेअरिंग असा क्लचचा पूर्ण सेट टाकलेला आणि आता परत तेच, साखरपा सोडून घाट लागला की तिसऱ्यात आरपीएम वाढतो पण गाडी ओढतच नाही, वर आंबा गावात पोचेपर्यंत केबिनमधे जळका वास. त्यात आता नवीन चालू झालंय, उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स टाकताना खर्र आवाज येतो आणि दुसरा कधी कधी बसतच नाही. मिस्त्री म्हणतो सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा) गेल्या, गिअरबॉक्स उघडू आणि क्लच सेट पण नवीन टाकू. हप्ता चालू आहे आणि सीझन तोंडावर, खर्च करायला ना नाही पण परत चार महिन्यांनी तेच नको. काय करू?

कोल्हापूर_फिटर
दादा, बॉक्स लगेच उघडू नका. तुम्ही सांगताय ते दोन वेगळे आजार आहेत. चढाला आरपीएम वाढून गाडी न ओढणं म्हणजे क्लच स्लिप, प्लेट धरत नाही. उभ्या गाडीत गिअर खरखरणं म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. दोन्ही एकदम आलं की लोक गिअरबॉक्सलाच दोष देतात.

आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे बसतात आणि चालू गाडीत अडतात, तर दोष क्लच सुटण्यात आहे. मग चालू गाडीत पेडल दोन-तीनदा पंप करून लगेच गिअर टाका, असं केल्यावर बसला तर मास्टर किंवा स्लेव्ह सिलेंडर (पेडलचा जोर ऑइलने क्लचपर्यंत नेणारे) गळतोय नाहीतर लाईनीत हवा आहे. स्लेव्हचा रबरी बूट मागे सारून बघा, आत ओलं दिसलं तर चोर सापडला. क्लच ऑइल म्हणजे ब्रेक ऑइलच, ते हवेतलं पाणी ओढतं, तुमच्या कोकणच्या दमट हवेत तर वेळेवर बदलायलाच पाहिजे. हां, पळत्या गाडीत बाकी गिअर गुपचूप बसतात आणि एकटा दुसराच खरखरतो असं असेल तर मात्र दुसऱ्याची सिंक्रो रिंग. तेव्हा पण आधी बॉक्सचं ऑइल काढून बघायचं, पितळी चकाकी असली तर रिंगा झिजल्यात, लोखंडाचे कण लागले तर दात नाहीतर बेअरिंग. आणि ऑइल कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच भरा. ज्या बॉक्सला जीएल-४ ग्रेडचं गिअर ऑइल सांगितलंय त्यात बरेच जण क्राऊनचं (मागच्या डिफरेन्शियलचं) जीएल-५ ओततात, त्यातली काही ऑइलं पितळी रिंगांना खातात.

आता स्लिप. प्लेट इतक्या लवकर जळायला कारण लागतं, ते न शोधता नवीन सेट टाकला तर तो पण जळणारच. बॉक्स उतरवला की प्लेट हातात घेऊन बघा. काळं तेल लागलं असेल तर क्रँकचं मागचं सील, पिवळट आणि उग्र वासाचं असेल तर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. फ्लायव्हीलवर (प्लेट ज्यावर दाबून बसते त्या चाकावर) निळे डाग असतील तर लेथवर फेस मारून घ्या, डागावर नवीन प्लेट टाकली की ती सगळीकडून बसत नाही. ड्युअल मास (आत स्प्रिंगा असलेलं, दोन भागांचं) फ्लायव्हील असेल तर मात्र लेथवर नेऊ नका, ते तपासून बदलायचं असतं.

फोंडा_ते_पुणे
फिटर दादांनी बरोबर सांगितलं पण चिऱ्याचं कोणी बोललं नाही. भाऊ, राग मानू नका, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवलेत का? आपल्याकडे पाटे वाढवून अडीच टन भरतात आणि गाडी घेते म्हणतात. पाटे वजन उचलतील हो पण क्लच तेवढाच राहतो, आणि घाटात ट्रॅफिकमधे अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली की जी ताकद चाकाला जात नाही तिची सगळी उष्णता प्लेटवर निघते, लायनिंग काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग रिकाम्या गाडीत पण धरत नाही. चढावर थांबायचं तर हँडब्रेक, पहिला टाकूनच उचलायची, दुसऱ्यावर कधीच नाही. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणारा ड्रायव्हर असला तर त्याला आधी समजावा.

आंबाघाट_लाईन
पाटे कंपनीचेच आहेत भाऊ आणि गाडी मीच चालवतो, वजन पासिंगप्रमाणेच भरतो कारण ही एकच गाडी आहे.

दोघांचं वाचून मिस्त्रीला घेऊन बसलो. बंद गाडीत सगळे गिअर सरळ बसले, पंप केल्यावर चालू गाडीत पण बसले, आणि स्लेव्हचा बूट ओला निघाला. बॉक्स उतरवला तर प्लेटला काळं तेल आणि फ्लायव्हीलवर निळे डाग. मागच्या वेळी त्या गॅरेजने सेट टाकला पण सील तेच जुनं ठेवलं होतं, बिलात सील कुठेच नाही. बॉक्सचं ऑइल स्वच्छ, चकाकी अजिबात नाही, म्हणजे रिंगांचा पूर्ण खर्च वाचला. आता क्रँक सील, स्लेव्ह, सेट टाकतोय, फ्लायव्हील साधं आहे ते लेथला गेलंय. खूप खूप आभार. अजून काही राहिलंय का?

कोल्हापूर_फिटर
एक राहिलं. सील टाकायच्या आधी इंजिनचा ब्रीदर पाईप (आतलं प्रेशर बाहेर सोडणारा) साफ करून घ्या, तो चोक असला की आतल्या प्रेशरने नवीन सील पण गळतं. पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) हाताने फिरवून बघा, खरखरलं तर आत्ताच बदला, तेवढ्यासाठी परत बॉक्स उतरवायला लावू नका. आणि नवीन प्लेट बसायला पहिले काही शे किलोमीटर हलका माल घ्या, लगेच चिरा भरून घाटाला लावू नका, पेट्या चालतील.