'अहंकार विमानतळावरच सोडा' म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

कृष्णाकाठ
काल टोरोंटोकर यांनी लिहिलं की भारतातून कॅनडात आलेल्या डॉक्टरांनी रेसिडेन्सीचा, म्हणजे परवान्याआधी हॉस्पिटलात करायच्या प्रशिक्षणाचा, हट्ट सोडावा, दोन वर्षांत सोनोग्राफीचा किंवा क्लिनिकल रिसर्चचा कोर्स करून कामाला लागावं, 'मी डॉक्टर' हा अहंकार विमानतळावरच सोडावा. वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मिरजेत एमबीबीएस, मग सांगली जिल्ह्यात अकरा वर्षं प्रॅक्टिस. 2019 मध्ये पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, घेऊन मिसिसागाला आलो. पीआरसाठी माझी पदवी तपासली ती मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडानं. त्या पदवीचे गुण धरूनच या देशानं मला आत घेतलं, आणि इथे त्याच पदवीवर मला डॉक्टर म्हणून एकही रुग्ण तपासायची परवानगी नाही. एमसीसीक्यूई ही लेखी परीक्षा पास झाले, नॅक ही प्रात्यक्षिक परीक्षा पास झाले. मग रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या कार्म्सच्या मॅचमध्ये तीन वर्षं अर्ज केले. दोन वर्षं मुलाखतीचं बोलावणंसुद्धा आलं नाही. तिसऱ्या वर्षी आलं, तर पहिला प्रश्न: शेवटचा रुग्ण कधी तपासलात? अहो, तुमच्याच परीक्षांत ती वर्षं गेली! आमच्या ऑंटारियो प्रांतात प्रॅक्टिस रेडीचा, म्हणजे रेसिडेन्सीऐवजी काही आठवडे देखरेखीखाली काम करून परवाना मिळवायचा, मार्ग सुरू झाला तोवर माझी शेवटची ओपीडी पाच वर्षं जुनी झाली होती.

परीक्षेबद्दल माझी तक्रार नाही. इथली औषधं वेगळी, कायदे वेगळे, रुग्णाशी बोलायची रीत वेगळी. घ्या परीक्षा. पण पास झालेल्यांना जागा कुठे आहे? साठ लाखांच्या आसपास कॅनेडियन लोकांना फॅमिली डॉक्टर नाही. मी आज ज्या क्लिनिकमध्ये मेडिकल ऑफिस असिस्टंट आहे, तिथे दार उघडायच्या आधीच रांग लागलेली असते. मी अपॉइंटमेंटी देते, फॅक्स लावते आणि समोरच्या बाईला काय झालंय ते कळत असूनही गप्प बसते. याला अहंकार म्हणू नका.

टोरोंटोकर
ताई, मी घरातलं पाहून लिहिलं. माझा मेव्हणा नागपूरचा ऑर्थो. सहा वर्षं परीक्षा, अर्ज, पुन्हा परीक्षा. बहिणीनं दोन दोन नोकऱ्या केल्या. भाचीला त्या वर्षांतला बाप आठवतो तो बेसमेंटचं दार लावून बसलेला. शेवटी सोनोग्राफी शिकला, आता रात्री सगळे एकत्र जेवतात. त्याला हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर? मी तेच सांगितलं.

कृष्णाकाठ
मेव्हण्यांबद्दल वाईट वाटलं. पण त्यांना बेसमेंटमध्ये बसवलं ते जागा न देणाऱ्यांनी. त्यांना विचारा, हातात सोनोग्राफीचा प्रोब धरल्यावर दिसलेलं रुग्णाला सांगता येत नाही तेव्हा काय वाटतं.

गव्हाचा देश
मी सास्कॅचेवान प्रांतात आहे. माझ्याकडे फॅमिली मेडिसिनचा अनुभव होता. सीपा या इथल्या प्रॅक्टिस रेडीसारख्या मार्गानं आलो, 12 आठवडे देखरेखीखाली काम केलं, मग कराराची वर्षं एका छोट्या गावात काढली. उणे पस्तीस, भाजीत कोथिंबीर नाही, मराठी बोलायला फक्त बायको. पण पहिल्या दिवसापासून डॉक्टर. सगळ्यांना टोरोंटोच्या आसपासच राहायचं असतं, ते का, हे कुणी बोलत नाही.

कृष्णाकाठ
नवऱ्याची नोकरी इथे आहे, सासूबाईंचं डायलिसिस इथे आहे, म्हणून. आणि गावाला कोण नाही म्हणतंय? ऑंटारियोत परदेशी पदवीच्या माणसाला रेसिडेन्सी मिळालीच तर पुढे पाच वर्षं टोरोंटो-ओटावा सोडून सेवा द्यावी लागते, हे माहीत असूनच तीन वेळा अर्ज केले.

सोलापूरची आई
मी डॉक्टर नाही, पण बोलणार. ताई, तुमच्यावर कॅनडात जे बेतलंय तेच माझ्या मुलावर इथे स्वतःच्या देशात बेतलंय. किर्गिझस्तानात एमबीबीएस केलं. परदेशात शिकून आलेल्यांना भारतात द्यावी लागणारी एफएमजीई परीक्षा तीन वेळा दिली, तिसऱ्यांदा 158 आले. मग इंटर्नशिपची जागा मिळेना. मिळाली तिथे बरोबरीच्या मुलांना स्टायपेंड आणि याला हातात काही नाही. त्याचं कुणाला काही वाटलं का?

सिव्हिलची पायरी
काकू, दोन्ही सारखं नाही. मी पुण्यात एमडी करतोय. एफएमजीईला 300 पैकी 150 लागतात, तरी दर खेपेला बहुसंख्य नापास होतात. आमच्या वॉर्डात आलेल्या एकाला कॅथेटर घालता येत नव्हता. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे.

सोलापूरची आई
पुण्यातल्या खासगी कॉलेजात पैसे भरून बसलेल्या सगळ्यांना पहिल्या दिवशी येतो का कॅथेटर? त्यांना 300 मार्कांचा पेपर द्या की मग. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथली पीजी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, असेल तर त्या माणसाला एफएमजीई माफ. गोऱ्यांच्या देशातलं शिक्षण डोळे झाकून चालतं आणि आमचं पोर संशयित. एकर विकून शिकवलंय त्याला.

सिव्हिलची पायरी
मी सरकारी कॉलेजचा आहे, माझ्यावर घसरू नका. तिथली पीजी म्हणजे काही वर्षं रोज रुग्ण पाहिलेले असतात. नेमका तोच फरक आहे.

सोलापूरची आई
मग माझ्या मुलाला पाहू द्या ना रुग्ण! तुमच्याच वॉर्डात त्याला महिनाभर फक्त रिपोर्ट आणायला पळवलं. कॅथेटर काय रिपोर्टाच्या खिडकीवर शिकणार?

टोरोंटोकर
धागा कॅनडाचा आहे, सोलापूरला गेला.

कृष्णाकाठ
जाऊ द्या. काकू, मलाही तुमचा आधी रागच आला, कारण मी अकरा वर्षं रुग्ण पाहिलेत आणि तुम्ही मला नुकत्याच शिकलेल्या मुलाशेजारी उभं केलंत. तो फरक आहे आणि मी तो सोडणार नाही. पण खरं सांगते, मिरजेला असताना परदेशात शिकून आलेल्यांना हिणवायचा 'रशियावाले' हा शब्द मीही वापरलाय, कँटीनमध्ये, एका मुलाच्या तोंडावर. तो मान खाली घालून चहा संपवून गेला. मुलाखतीत माझ्या कॉलेजचं नाव दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा चुकीचं लिहिलं, तेव्हा मला तो मुलगा आठवला होता. आज पहिल्यांदा कुठे लिहितेय.

सिव्हिलची पायरी
रिपोर्ट आणायला पळवतात हे खरं आहे. आमच्यातले काही जण पळवतात. परीक्षा मात्र हवीच.

सोलापूरची आई
परीक्षा नको असं मी म्हटलंच नाही. पास झाल्यावर तरी माणसात घ्या.

गव्हाचा देश
काकूंचं शेवटचं वाक्य ऑंटारियोलाही लागू आहे. 2025 च्या ऑक्टोबरात त्यांनी मध्येच अट काढली होती की परदेशी पदवीवाल्यानं मॅचच्या पहिल्या फेरीत यायला ऑंटारियोतच दोन वर्षं हायस्कूल केलेलं हवं. विरोध झाल्यावर मागे घ्यावी लागली. चाळिशीच्या डॉक्टरनं हायस्कूल कुठून आणायचं? कृष्णाकाठ, मी कोथिंबिरीचं सांगत बसलो, सासूबाईंचं माहीत नव्हतं. पण शेजारच्या मॅनिटोबा प्रांतात क्लिनिकल असिस्टंटची कामं असतात, देखरेखीखाली रुग्ण पाहता येतात. एकदा चौकशी कराच.

कृष्णाकाठ
केली होती, 2022 ला. तेव्हा डायलिसिस नुकतं सुरू झालं होतं. पुन्हा करते.

टोरोंटोकर
काल रात्री मेव्हण्याला तुमचा प्रोबचा प्रश्न विचारला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, रोज वाटतं. 'अहंकार' हा शब्द मागे घेतो. पहिल्या वर्षीच दुसरा कोर्स हाताशी ठेवा, हे मात्र मागे घेणार नाही. भाचीकडे पाहून सांगतोय.

कृष्णाकाठ
हाताशी ठेवा म्हणालात तर भांडण नाही. परवा 'हट्ट सोडा' म्हणाला होतात.